फिर्यादी कोण?
तीन नाटकांतील न्याय, देह आणि मरण

मी नाट्यशास्त्राचा पदवीधर नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवाराबाहेर टंकलेखनाचे टेबल लावून मी सत्तावीस वर्षे पोट भरले. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, वकिलांनी सांगितलेले युक्तिवाद, नकला असे सगळे टंकलेखन केले. दुपारी काम कमी असे तेव्हा टेबलाखालच्या पिशवीतले पुस्तक बाहेर निघे. संस्कृत मी असेच शिकलो. एका हाताला मो. रा. काळे यांची सटीप 'मृच्छकटिक' आणि दुसऱ्या हाताला आपट्यांचा कोश. त्यामुळे माझ्या वाचनाला शिस्त कमी आणि सवयी जास्त. त्यांतली एक सवय धंद्याने लावलेली आहे. नाटकात न्यायालय आले की मी पात्रांकडे पाहायच्या आधी कागदाकडे पाहतो. कोणाचा जबाब नोंदवला गेला, कोणाचा राहिला, आणि नोंदवलेला कोणी पुसला?

या लेखाचा प्रश्न त्या सवयीतूनच आला. न्याय, कामवासना आणि मृत्यू ही तीन सूत्रे एकाच नाटकात एकत्र आली की तिथे बहुधा एक खटला असतो, आणि तो खटला बाईच्या देहावरून चाललेला असतो. अशा खटल्यात त्या बाईचे स्थान काय? ती फिर्यादी, साक्षीदार, आरोपी की नुसता मुद्देमाल? तीन नाटके समोर ठेवून मी हे तपासणार आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक', शेक्सपिअरचे 'मेझर फॉर मेझर' आणि विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तिघांत काळाचे आणि भूगोलाचे मोठे अंतर आहे, एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असल्याचा माझा दावा नाही. तुलना फक्त न्यायासनासमोर काय घडते एवढ्यापुरती आहे.

१

'मृच्छकटिक' आपल्याकडे रुजले ते गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपामुळे. सर्वसाधारण रसिकाला त्यातला पाऊस आठवतो, मातीची गाडी आठवते, शर्विलकाने भिंतीला पाडलेले भोक आठवते. समीक्षेतही चारुदत्ताचे दारिद्र्य आणि वसंतसेनेचे निष्ठावान प्रेम यांवर पुष्कळ लिहिले गेले. दहा अंकी मूळ प्रकरणातला नववा अंक, 'व्यवहार' नावाचा, त्या मानाने दुर्लक्षित राहिला. खटल्याचे इतके बारकाईचे चित्रण संस्कृत नाटकात मला दुसरीकडे आढळले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. उज्जयिनीची गणिका वसंतसेना हिने राजा पालकाचा मेहुणा शकार याला नकार दिला आहे. त्याने गाडीबरोबर दहा हजार सुवर्णांचे अलंकार पाठवले तरी ती गेली नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या नगरीत गणिकेचा धंदा उघड आणि मान्य आहे. वसंतसेनेचा देह विकत मिळतो हे सगळ्यांना मान्य, तिला 'नाही' म्हणता येते हे मात्र शकाराला मान्य नाही. आठव्या अंकात, गाड्यांची अदलाबदल होऊन ती चुकून त्याच्या हाती सापडते, आणि पुष्पकरंडक उद्यानात तो तिचा गळा आवळतो. ती मेली असे समजून वाळलेल्या पानांखाली झाकतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालायला न्यायालयात येतो.

न्यायाधीश, म्हणजे अधिकरणिक, चांगला माणूस आहे. वादी-प्रतिवादी खरे लपवतात आणि दोष शेवटी न्यायाधीशाच्या माथी येतो, ही त्याची खंत खरी वाटते. दिवसाचा पहिला अर्जदार शकार आहे हे कळताच तो निरोप पाठवतो, आज तुमचे काम चालणार नाही. शकार उलट धमकी देतो की मेहुण्याला सांगून तुला काढून टाकीन आणि दुसरा नेमीन. अधिकरणिक लगेच त्याला आत बोलावतो. खटला सुरू होण्यापूर्वीच निकाल इथे निम्मा लागलेला आहे. लाच नाही, मारहाण नाही. एक बदलीची धमकी पुरली. आवाराबाहेर बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही.

पुढचा प्रसंग मी किती वेळा वाचला याची मोजदाद नाही. वसंतसेना मारलेली पाहिली असे सांगताना शकाराच्या तोंडून, ती मी मारली नाही, असा न विचारलेला खुलासा निसटतो. अधिकरणिकाच्या ते ध्यानात येते. तो कायस्थाला, म्हणजे लेखनिकाला, ते शब्द लिहून घ्यायला लावतो. शकाराला आपली चूक कळते आणि तो लिहिलेले पायाने पुसून टाकतो. न्यायाधीश, श्रेष्ठी आणि कायस्थ, तिघांच्या समोर! तरीही त्याला कोणी अडवत नाही, कोणी पुन्हा लिहीत नाही. खटला पुढे चालू राहतो. प्रेक्षक हसतात, कारण शकार विदूषकी खलनायक आहे. पण चारुदत्ताच्या सुटकेचा सर्वांत भक्कम पुरावा त्या पायाखाली गेलेला असतो.

नंतर योगायोग चारुदत्ताच्या विरोधात जुळत जातात. वीरक वेगळीच तक्रार घेऊन येतो आणि त्याच्या बोलण्यातून गाडीचा उल्लेख निघतो. उद्यानात श्वापदांनी खाल्लेले बाईचे प्रेत सापडते. मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. ते तिने चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी करण्यासाठी दिलेले होते. प्रेमाने दिलेली वस्तू खुनाचा मुद्देमाल बनते. चारुदत्त स्वतःचा बचाव करत नाही. गणिकेशी आपली मैत्री आहे एवढे कबूल करतानाही तो लाजतो. त्याला मरणाचे भय नाही, नाव जाण्याचे आहे.

२

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वसंतसेनेची म्हातारी आई न्यायालयात हजर आहे. आपली मुलगी मेली अशी तिची समजूत आहे. दागिने ओळखायला सांगितल्यावर ती म्हणते, तसेच दिसतात, पण तेच नव्हेत. ही तिची पहिली उदारता. आरोप सिद्ध झाल्यासारखा दिसू लागल्यावर ती उठून जे म्हणते त्याचा आशय असा: माझी मुलगी गेली ती गेली, हा जगू द्या. खटला वादी आणि प्रतिवादी यांच्यात असतो. वादी मी आहे. माझी तक्रार नाही, तेव्हा याला सोडा.

त्या सबंध न्यायालयात कायद्याचा नेमका प्रश्न विचारणारी ती एकटी आहे. हा खटला कोणाचा? शकार मृताचा कोणी लागत नाही. नात्याने फिर्याद करण्याचा हक्क कोणाला असेल तर तो आईला. तिला उत्तर मिळते ते न्यायाधीशाकडून नव्हे, शकाराकडून. तो तिला बटकीसारखी हुसकावतो. मग अधिकरणिक तिला जायला सांगतो आणि ती रडत निघून जाते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आजच्या फौजदारी कायद्यातही खुनाच्या खटल्यात फिर्यादी सरकार असते आणि मृताच्या आईला तडजोड करता येत नाही. मग अधिकरणिकाचे काय चुकले? तत्त्वतः कदाचित काही चुकले नाही. पण खून हा सगळ्या समाजाविरुद्धचा गुन्हा आहे म्हणून त्याने तिला नाकारले असते, तर तेच तत्त्व शकाराच्या बाबतीतही लागू व्हायला हवे होते. शकाराला बोलू देणे आणि आईला गप्प करणे या दोन्हींमागे तत्त्व नाही, मेहुण्याचे नाते आहे.

यानंतर अधिकरणिक शिक्षेची शिफारस करतो, आणि तीही पाहण्यासारखी आहे. चारुदत्त असे करील हे त्याला मनातून पटत नाही, हे तो आधी बोललेला आहे. तरी तो संशयाचा फायदा देत नाही. मनूचा दाखला देऊन म्हणतो की ब्राह्मण वध्य नाही, त्याला धनासह हद्दपार करावे. म्हणजे निर्दोषतेची शंका होती तिथे जातीची सवलत पुढे आली. राजा पालक तीही मोडतो आणि तेच दागिने गळ्यात बांधून दक्षिण स्मशानात सुळी देण्याचा हुकूम पाठवतो. निर्णय आमचा, अंमल राजाचा, एवढे म्हणून अधिकरणिक मोकळा होतो. दहाव्या अंकात राजा मारला जातो, शकार पकडला जातो, चांडाळांनासुद्धा बक्षीस मिळते. अधिकरणिकाचे काय झाले हे मात्र नाटक सांगत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी तो नव्या राजाच्या नावाने त्याच आसनावर बसला असेल.

न ऐकला गेलेला दुसरा साक्षीदार स्थावरक, शकाराचा दास. धन्याने खून करायला सांगितल्यावर, माझ्या देहावर तुमची सत्ता आहे, शीलावर नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने नकार दिलेला असतो. त्याला कोंडून ठेवलेले असते. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेताना दवंडी ऐकून तो वरून खाली उडी घेतो आणि खरे काय ते रस्त्यात ओरडून सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी मारले म्हणून सूड घेतो आहे. विषय संपतो. दासाने सांगितलेले खरेही कोणाला खरे वाटत नाही, हे स्थावरकाचे दुःख कोणत्याही युगातल्या साक्षीदाराला समजेल.

तिसरी साक्षीदार स्वतः वसंतसेना. भिक्षूने तिला वाचवले आहे. ती वधस्थानी पोचते आणि शकाराने आपल्याला मारले होते हे एका वाक्यात सांगते. तिचा जबाब घ्यायला न्यायालय पुन्हा भरत नाही. मग ती एक कृती करते. चारुदत्ताच्या गळ्यातली वध्यमाला काढून ती शकारावर फेकते. माझ्या मते हीच तिची फिर्याद. शब्दांत नोंदवायला जागा नव्हती म्हणून तिने ती माळेने नोंदवली. आणि लगेच काय होते? शकार चारुदत्ताच्या पाया पडतो आणि चारुदत्त त्याला अभय देतो. चारुदत्ताच्या औदार्याचे कौतुक टीकाकारांनी भरपूर केले आहे. माझा प्रश्न साधा आहे. गळा जिचा आवळला तिला कोणी विचारले का? आईची क्षमा न्यायालयाने नाकारली, मुलीची फिर्याद प्रियकराने मागे घेतली. दोन्ही वेळा ठरवणारा पुरुष. त्यानंतर नव्या राजाच्या कृपेने तिला 'वधू' ही पदवी मिळते आणि ती कृतार्थ होते. तिच्या आनंदावर मी शंका घेत नाही. पण न्याय मागणाऱ्या बाईला इथे न्यायाऐवजी लग्न मिळाले, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या नाटकात ते पुन्हा येणार आहे.

३

'मेझर फॉर मेझर'चा नोंद असलेला पहिला प्रयोग २६ डिसेंबर १६०४ रोजी राजा पहिला जेम्स याच्या दरबारी झाला. नाव बायबलमधले आहे, ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजले जाईल. मराठीत हरि नारायण आपट्यांनी या नाटकावरून 'सुमतिविजय' लिहिले. तरी 'हॅम्लेट' किंवा 'ऑथेल्लो' आपल्याकडे जसे रुजले तसे हे रुजले नाही. इंग्रजीतही ते अडचणीचेच राहिले. एफ. एस. बोआस या अभ्यासकाने १८९६ मध्ये ज्या मोजक्या नाटकांना 'समस्याप्रधान' म्हटले त्यांत हे होते.

व्हिएन्नात विवाहबाह्य संबंधाला देहदंडाचा कायदा आहे, पण तो कित्येक वर्षे वापरात नाही. ड्यूक राज्य अँजेलोकडे सोपवून निघून गेल्याचे नाटक करतो आणि भिक्षूच्या वेषात शहरातच राहतो. अँजेलो कडक. तो क्लॉडिओला मृत्युदंड देतो, कारण त्याची वाग्दत्त वधू ज्युलिएट गरोदर आहे. हुंड्याची बोलणी अडली म्हणून लग्न लांबलेले. क्लॉडिओची बहीण इझाबेला, मठात दाखल होऊ घातलेली, दया मागायला येते. अँजेलो तिला अट घालतो, तुझा देह दे, भावाचा जीव घे.

वसंतसेना आणि इझाबेला यांच्याइतक्या उलट टोकाच्या बायका शोधून सापडणार नाहीत. एक गणिका, दुसरी संन्यासाच्या उंबरठ्यावर. पण सत्ताधारी पुरुषाने मागणी घातल्यावर दोघींच्या नकाराची किंमत एकच होते. इझाबेला म्हणते, मी हे जगाला ओरडून सांगेन. अँजेलोचे उत्तर, तुझ्यावर विश्वास कोण ठेवील? माझे निष्कलंक नाव, माझे पद, माझा शब्द. स्थावरकाला मिळालेले उत्तरही हेच होते. खोटेपणा सिद्ध करावा लागत नाही. बोलणाऱ्याची पायरी दाखवली की पुरते.

मृत्यूच्या बाबतीत मात्र दोन्ही नाटके निराळी आहेत. चारुदत्त मरणाला कलंकापेक्षा हलके मानतो. क्लॉडिओला ड्यूक मरणाच्या तयारीचा उपदेश करतो, तो ते मान्यही करतो, आणि थोड्याच वेळात बहिणीपुढे कोसळतो. थंड मातीत कुजायचे, कुठे जायचे ते ठाऊक नाही, याच्या भीतीने तो तिला अट मान्य करायची गळ घालतो. ही भीती मला चारुदत्ताच्या धैर्यापेक्षा जास्त ओळखीची वाटते. त्याच तुरुंगात बार्नार्डिन नावाचा खुनी आहे. आज रात्रभर प्यालो आहे, आज मरणार नाही, असे सांगून तो झोपायला निघून जातो, आणि सगळी यंत्रणा हतबल होते! मरायलाही कैद्याची संमती लागावी, हा विनोद आणि इझाबेलाच्या देहाला कोणाची संमती लागते हा प्रश्न, हे दोन्ही एकाच नाटकात आहेत. विनोदासाठी विनोद तिथे नाही.

पुढे ड्यूक युक्ती करतो. अंधारात इझाबेलाऐवजी मारियाना अँजेलोकडे जाते. मारियाना ही त्याचीच वाग्दत्त वधू, हुंडा समुद्रात बुडाला म्हणून त्याने सोडलेली. म्हणजे क्लॉडिओने जे केले तेच अँजेलोकडून घडवले जाते. वाग्दान झालेले, लग्न राहिलेले, हुंडा अडलेला. एकाला त्यासाठी मृत्युदंड, दुसरा प्रकार राज्यकर्त्याच्या देखरेखीखाली. दोन मापे आहेत हे शेक्सपिअरला पुरते ठाऊक आहे. नाटकाचे नाव उपरोधाने घेतलेले असावे असे मला वाटते ते यामुळे.

पाचव्या अंकात उघड्यावर खटला चालतो. इझाबेला फिर्याद मांडते. ड्यूकला सगळे खरे माहीत आहे, तरी तो तिला वेडी ठरवतो आणि अटकेत पाठवतो. भाऊ जिवंत आहे हेही तिच्यापासून लपवून ठेवतो. सत्य उघड झाल्यावर अँजेलोला आधी मारियानाशी लग्न आणि मग मृत्युदंड अशी शिक्षा होते. मारियाना इझाबेलाला विनवते, माझ्यासाठी गुडघे टेक. आणि भाऊ मेला असे समजणारी इझाबेला अँजेलोच्या प्राणांसाठी गुडघे टेकते.

उज्जयिनीची म्हातारी आणि व्हिएन्नाची तरुणी इथे माझ्या डोळ्यांसमोर शेजारी उभ्या राहतात. दोघींच्या रक्ताचे माणूस गेले आहे असे दोघींना वाटते, आणि दोघी आरोपीचा जीव मागतात. फरक एवढाच, आईला चारुदत्त निरपराध वाटतो, इझाबेलाला अँजेलो काय आहे हे नक्की माहीत आहे. म्हणून तिची क्षमा अधिक अवघड. तीही कायद्याच्याच भाषेत बोलते, वाईट हेतू होता पण कृती घडली नाही, आणि विचारांना शिक्षा नसते. ड्यूक तिचीही विनंती फेटाळतो. अँजेलो वाचतो तो क्लॉडिओ जिवंत निघाल्यावर, ड्यूकच्या मर्जीने. दोन्ही न्यायालयांत बाईची क्षमा निर्णायक ठरत नाही.

त्यानंतर ड्यूक इझाबेलाला लग्नाची मागणी घालतो. संहितेत तिला उत्तर नाही. अँजेलोसाठी केलेली विनवणी हे तिचे अखेरचे बोलणे. परत मिळालेल्या भावाशीही ती एक शब्द बोलत नाही. १९७० मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी जॉन बार्टन यांनी केलेल्या प्रयोगात सगळे निघून गेल्यावर इझाबेला रंगमंचावर एकटी राहत असे. त्या आधी या मौनाला होकार समजण्याची प्रथा होती. न्यायालयात मौन म्हणजे कबुली असे समजतात, त्यातलाच तो प्रकार.

४

'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारे बाई सुलभा देशपांडे. कथानक वाचकांना परिचित आहे, म्हणून फक्त माझ्या प्रश्नापुरते बोलतो.

इथे राजा नाही, सूळ नाही, खरे न्यायालयही नाही. वेळ घालवण्यासाठी मांडलेला खेळ आहे. पण नोंद पुसण्याची सगळी साधने हजर आहेत. न्यायाधीश काशीकर स्वतःच आसन सोडून साक्षीदाराच्या जागी येऊन साक्ष देतात. सुखात्मे आरोपीचे वकील आणि सरकारी वकील दोन्ही होतात. प्रोफेसर दामले, ज्यांचा जबाब पहिल्यांदा घ्यायला हवा, ते गैरहजर आहेत आणि त्यांना कोणी समन्स काढत नाही. बाईच्या पर्समधली टिक-ट्वेन्टीची बाटली मात्र पुरावा म्हणून मांडली जाते. बाईने स्वतःच्या मरणाची केलेली तयारीसुद्धा तिच्याविरुद्धचा मुद्देमाल! मातीच्या गाडीतले दागिने मला इथे आठवतात.

बेणारे बाईला बोलायला काही सेकंद मिळतात. ती बोलते ते मराठी रंगभूमीवरचे एक मोठे स्वगत आहे. पण बाकी सर्व त्या वेळी गोठून गेलेले असतात. प्रेक्षकांना सगळे ऐकू येते, न्यायालयाला काहीच नाही. वेळ संपतो, आणि पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. वसंतसेनेला माळ फेकावी लागली, इझाबेलाला गप्प राहावे लागले. बेणारे बाई बोलली, पण तिचे बोलणे जिथे नोंदवायचे तिथे नोंदवलेच गेले नाही. मागच्या दोघींना निदान लग्नाचा पर्याय दिला गेला. इथे तोही नाही. तिने जमलेल्यांपैकी काहींना लग्नाबद्दल विचारले होते, आणि तेच आता तिच्याविरुद्ध साक्षीत वापरले जाते.

५

या तीन नाटकांवरून सगळ्या अभिजात रंगभूमीबद्दल नियम काढावा एवढी माझी तयारी नाही. याच्या उलट उदाहरणे निघतील. अँटिगनी राजासमोर उभी राहून आपले म्हणणे शब्दन् शब्द मांडते आणि ते ऐकले जाते. तरीही ती मरते, ही गोष्ट वेगळी. नाटककारांनी स्त्रियांवर अन्याय केला असेही मला म्हणायचे नाही. उलट, शूद्रकाने आईच्या तोंडी वादीचा प्रश्न घातला नसता, शेक्सपिअरने इझाबेलाला उत्तर लिहून टाकले असते, तेंडुलकरांनी बाकीच्यांना गोठवले नसते, तर हा लेख लिहिताच आला नसता. न्यायालयाने जे नोंदवले नाही ते या तिघांनी नोंदवून ठेवले. आपण मात्र पाऊस, पश्चात्ताप आणि स्वगताची उंची पाहिली, आणि कागद पाहिला नाही.

पोलिसांपुढच्या किंवा कोर्टातल्या जबाबाच्या नकला करताना शेवटची ओळ मी न पाहता टाइप करत असे. आशय ठरलेला असे: वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. एकदा एक बाई नक्कल घेऊन माझ्या टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "भाऊ, हे मला कोणी वाचून दाखवलं नाही. तुम्ही दाखवा." मी वाचून दाखवले. चार ओळी ऐकून ती म्हणाली, "मी असं नव्हते बोलले." त्या कागदावर सही-शिक्का झालेला होता आणि मी टंकलेखक होतो. माझ्या हातात काही नव्हते. तिने पैसे दिले, ते मी घेतले.

त्या रात्री घरी येऊन मी नववा अंक पुन्हा उघडला, आणि आईला बाहेर काढतात त्या पानावर खूण घातली. ती खूण अजून तिथेच आहे.